साडेपाच तास राहिले

"बाहेर," मगदूम मामा म्हणाले. "एक वाजला."

"मामा, माझ्या मोबाइलमध्ये बारा अठ्ठावन्न झालेत."

"मग मोबाइल दुरुस्त करून घे."

कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या मामांशी वेळेवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. लॅबमधलं भिंतीवरचं घड्याळ ते दर शनिवारी रेडिओच्या ठोक्यावर लावायचे. सेकंदकाटा जुळला नाही तर पुढच्या शनिवारपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही. आम्ही सगळे उठून व्हरांड्यात आलो. मामांनी नेहमीसारखा डबा टेबलावर ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.

दारावर विभागप्रमुख इंगवले सरांच्या सहीचा कागद होता. 'दुपारी १ ते २ लॅब बंद. संगणकाचा खाजगी कामासाठी वापर आढळल्यास तत्काळ सेवामुक्त करण्यात येईल.' विद्यार्थ्यांना सेवामुक्त कसं करणार, याच्यावर आम्ही चार वर्षं विनोद केले. तो कागद आमच्यासाठी नव्हताच, हे एवढ्या हुशार मुलांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ढवळी फाट्यावरच्या आमच्या कॉलेजचा तो पहिला हॅकेथॉन. हॅकेथॉन म्हणजे सलग चोवीस तास बसून काहीतरी प्रोग्रॅम बनवायचा, असं पुण्या-मुंबईकडे असतं. आमच्याकडे वॉचमन संध्याकाळी सहाला गेटला कुलूप लावायचा आणि त्याला चोवीस तासांची कल्पना पटली नाही. म्हणून मंगळवार, बुधवार, गुरुवार असे रोज आठ तास ठरले. आठ त्रिक चोवीस. इंगवले सरांनी उद्घाटनाच्या भाषणात हा हिशेब फळ्यावर करून दाखवला.

संघ चौघांचा हवा होता. आमचाही होता. पण माझ्या संघातले तिघे सोमवारी रात्री एका लग्नाला गेले. लग्न त्या तिघांतल्याच एकाच्या बहिणीचं होतं, त्यामुळे मला रागावताही येईना. मलाही आमंत्रण होतं. पण मला जाता येत नव्हतं, कारण माझं नाव उत्कर्ष शेटे आणि माझी हजेरी एकावन्न टक्के.

पंचाहत्तर लागायची. नाहीतर परीक्षेला बसता येत नव्हतं आणि शेवटचं सत्र पुन्हा करावं लागायचं. माझ्या बाबांनी गावात पेढ्यांची ऑर्डर तोंडी देऊन ठेवली होती.

"सर, काही करता येईल का?" मी सोमवारी केबिनमध्ये विचारलं होतं.

इंगवले सरांनी नियमांची फाइल काढली. "उल्लेखनीय उपक्रमासाठी सवलत देता येते. हॅकेथॉनमध्ये पहिला नंबर आण, मी सही करतो."

"आणि दुसरा आला तर?"

"अभिनंदन करतो."

म्हणून मी एकटा. चौघांच्या टेबलावर एकटा बसलो की माणूस मोठा वाटतो. चारही खुर्च्यांवर मी आळीपाळीने बसून पाहिलं. दुसऱ्या खुर्चीवरून फॅन लागायचा.

विषय मी असा निवडला की ज्यात कष्ट दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेले असतील. जगात काही सॉफ्टवेअर फुकट असतात, आणि नुसती फुकट नाही, तर त्यांच्या आतलं सगळं उघडं असतं. कुणीही यावं, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी, मालकाने ती बघून स्वीकारावी. ओपन सोर्स म्हणतात. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता काय दुरुस्त केलं याची नोंद ते जिथे ठेवलेलं असतं त्या साइटवर कायम राहते. गावकीच्या विहिरीवर कोण कधी पाणी भरून गेलं याची कुणी रोज नोंद ठेवावी, तसं. मी ठरवलं, या नोंदी गोळा करायच्या आणि आलेख काढून सांगायचं की फुकट काम करणारी ही माणसं नेमकी असतात कोण.

त्यासाठी मी 'कपाट' नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. गावोगावच्या छोट्या वाचनालयांना पुस्तकांची देवघेव सांभाळायला कुणीतरी ते बनवून सोडून दिलं होतं. दोनेक हजार दुरुस्त्या झाल्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी माझा पहिला आलेख तयार झाला आणि त्यात एकच माणूस होता. म्हणजे बाकीचेही होते, पण टिंबाएवढे. एकोणीसशे बारा दुरुस्त्या एकट्याच्या. फोटो नाही, गाव नाही. नाव घेतलेलं 'कसर'. कसर म्हणजे जुन्या पुस्तकांत सळसळणारा तो चंदेरी किडा. कपाटात कसर. मला माणूस आवडला.

बुधवारी सकाळी मी त्याच्या वेळा काढल्या. मामा शेजारच्या टेबलावर कीबोर्ड उलटा करून त्यातले चिवड्याचे कण पाडत होते.

"मामा, हे बघा. हा माणूस चार वर्षं फुकट काम करतोय. आणि रोज फक्त पावणेआठ ते सव्वाआठ. सकाळी. अर्धाच तास."

मामा वाकले. चष्मा कपाळावर सरकवून आलेख पाहिला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"सकाळी?" ते म्हणाले.

"सकाळी. मी निष्कर्षही काढलाय. रोज ठरलेल्या वेळी, ठरावीक अर्धा तास, एकांतात. हा माणूस संडासात बसून काम करतो."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"पोट साफ असणार," मामा म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेत, "वेळ नीट बघितलीस का पण?"

"कॉम्प्युटरने काढलीय, मामा."

"कॉम्प्युटरला काय कळतंय, तो सकाळी उठतोय व्हय," असं पुटपुटत ते गेले. जाताना परत वळून स्क्रीनकडे पाहिलं. शर्टाला डाग पडलेला माणूस समोर असला की काही लोकांना त्याच्याशी बोलणं सुचत नाही, तसा चेहरा झाला होता.

तेवढ्यात इंगवले सर फेरी मारत आले. त्यांना आलेख दाखवला. संडास वगळून.

"उत्तम," सर म्हणाले. "एकटा माणूस, रोज सकाळी अर्धा तास. प्रेरणादायी आहे. उद्या पुण्याच्या मॅडम परीक्षक म्हणून येतायत, त्यांना मी हे आधीच सांगून ठेवतो. शेटे, ही तुझी शेवटची संधी आहे, बरं का."

एक वाजला. बाहेर काढलं. मी व्हरांड्यात बसून केळी खाल्ली. दोन वाजता कडी निघाली.

आत येऊन पाहतो तर माझ्या प्रोजेक्टला कुणीतरी एक दुरुस्ती सुचवली होती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सगळ्यांनी आपापलं काम त्याच साइटवर उघडं ठेवलं होतं आणि मामांनी सगळे पत्ते आपल्या रजिस्टरमध्ये गोल अक्षरात उतरवून घेतले होते. पण बाहेरच्या जगाला माझा पत्ता ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव होतं 'कसर'.

मी खुर्चीतून उठलो. मग दुसऱ्या खुर्चीवर बसलो, कारण घाम आला होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. खाली एकच वाक्य: 'साडेपाच तास राहिले.'

मला आधी वाटलं, तो स्पर्धेला किती वेळ उरला ते सांगतोय. मग कळलं. ती साइट सगळ्या वेळा लंडनच्या घड्याळाने देते. आपल्या वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. मी मिळवलेच नव्हते. शेवटच्या वर्षाचा संगणक अभियंता मी.

त्या दोन ओळी माझ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या आणि आलेख पुन्हा काढला. सगळे ठिपके उजवीकडे सरकले. पावणेआठचे सव्वा झाले. सव्वाआठचे पावणेदोन.

दुपारी सव्वा ते पावणेदोन. रविवारी नाही. सोमवारी नाही. सोमवार हा आमच्या भागात दिवसभर वीज बंद ठेवायचा वार, आणि लॅबला त्या दिवशी जनरेटर मिळायचा नाही. मी तारखा बघत मागे गेलो. दोन वर्षांपूर्वी जुलैत सलग तीन दिवस कोरे. त्या तीन दिवसांत वरची पाण्याची टाकी फुटून लॅबच्या छतातून धार लागली होती. आम्ही सगळे कॉम्प्युटर गणपतीच्या मांडवाच्या ताडपत्रीखाली झाकले होते. ताडपत्री मीच धरली होती.

मी मान वर केली. मामा समोर उभे होते. हातात पिवळं फडकं. ते माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होते. चेहरा एकदम निवांत. डाग गेला होता.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

"मामा," मी आवाज खाली आणला, "तुम्ही दुपारी जेवता कधी?"

"एक ते सव्वा. दोन चपात्या, भाजी. किती वेळ लागतो?"

"आणि मग?"

मामांनी फडक्याची घडी केली. त्यांच्या गावच्या वाचनालयाचे चिटणीस तेच आहेत, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. पुस्तकं परत आल्याची तारीख सॉफ्टवेअर चुकीची दाखवायचं. ती दुरुस्त करायला म्हणून ते एकदा आत शिरले. "एक काढली की दुसरी दिसायची. घरी कॉम्प्युटर नाही. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत कुणाचं काय जातंय?"

"दारावर कागद आहे, मामा. इंगवले सरांचा."

"मीच चिकटवलाय तो."

"हा आलेख उद्या सरांसमोर लावला तर त्यांना अर्ध्या मिनिटात कळेल. सोमवार, सुट्टीची वेळ, सगळंच आहे."

"अर्ध्या मिनिटात नाही, पण कळेल."

मामा अकरा वर्षं हंगामी होते. दरवर्षी मे महिन्यात सेवा खंडित, जूनमध्ये पुन्हा आदेश. कायम करायची मुलाखत अखेर लागली होती, पुढच्या शनिवारी, आणि समितीत इंगवले सर होते. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, कारण मामांनी त्यासाठी नवीन चप्पल घेतली होती आणि ती रोज पिशवीतून आणून परत नेत होते.

"मग तुम्ही दुरुस्ती पाठवली कशाला?" मी जवळजवळ ओरडलो. "पावणेआठच राहू द्यायचं ना! कुणाच्या बापाला कळलं नसतं!"

मामांना प्रश्नच समजला नाही. खरंच समजला नाही.

"अरे, चूक होती ना ती," ते म्हणाले.

मग जाता जाता म्हणाले, "तुझं प्रोजेक्ट आहे. तुझी हजेरी आहे. माझ्यासाठी काही करू नको. फक्त चुकीचं काही लावू नको."

कसरला वगळून पाहिलं. आलेखात तीन टिंबं उरली. दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला वेळ नव्हता, आणि सरांनी मॅडमना या एकट्या माणसाबद्दल आधीच फोन केला होता. बुधवारी पाचला मी घरी गेलो. बाबा म्हणाले, "पेढे कंदी सांगू की साधे?" मी म्हणालो, साधे.

गुरुवारी सकाळी येऊन मी मामांच्या दोन ओळी काढून टाकल्या.

सादरीकरण लॅबमध्येच, अकराला; गुरुवारचे आठ तास त्यातच धरलेले. प्रत्येक संघाला सात मिनिटं. प्रोजेक्टर मामांकडे, आणि वेळ संपली की वाजवायची पितळी घंटाही मामांकडे. पहिल्या रांगेत इंगवले सर आणि त्यांच्या शेजारी पुण्याच्या तेजस्विनी मॅडम.

मी आलेख लावला. सकाळ, पावणेआठ ते सव्वाआठ. मामांनी पडद्याकडे पाहिलं आणि दचकले. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

माझं बोलणं चांगलं चाललं होतं. लोक दोनदा हसले, सर एकदा. पाचव्या मिनिटाला मॅडमनी हात वर केला.

"ही वेळ भारतातली आहे?"

"हो, मॅडम."

"साडेपाच तास मिळवलेत?"

"कशात?"

सगळी लॅब हसली. हे तिसरं हसू मी मोजलेलं नव्हतं. सर हसले नाहीत.

"शेटे," सर उठून उभे राहिले, "पहिल्या वर्षातल्या पोराला कळतं हे. मिळव आत्ता. दोन ओळींचं काम आहे. सगळ्यांसमोर मिळव."

"सर, घरी जाऊन करतो."

"आत्ता."

प्रोजेक्टरवर माझा सगळा प्रोग्रॅम दिसत होता. मी वाकलो. मामा माझ्यापासून तीन हातांवर उभे होते, घंटेवरचा हात घट्ट. मी साडेपाच लिहिलं. आणि त्याच्या आधी वजाची खूण केली.

आलेख सरकला. डावीकडे.

"रात्री सव्वादोन ते पावणेतीन," मी वाचून दाखवलं. "माणूस निशाचर आहे, सर. परदेशातलाही असू शकेल. किंवा भूत."

आता लोक टेबलं बडवून हसत होते. मॅडमही हसत होत्या, पण त्यांचं बोट पडद्याकडे होतं. "अहो, वजा नाही! अधिक! एक खूण बदला, मला ते बघायचंच आहे. त्या ठिपक्यांमध्ये काहीतरी आहे, हे सोमवार बघा, एकही—"

टण्ण.

मामांनी घंटा वाजवली होती.

"वेळ संपली," मामा म्हणाले.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं दहा सेकंद झाली होती. ते घड्याळ मामांनी शनिवारी ठोक्यावर लावलेलं होतं. पन्नास सेकंद बाकी होते. ती माझ्यासाठी वाजवली की स्वतःसाठी, हे मी कधी विचारलं नाही. मामांचा चेहरा मात्र चोरी केल्यासारखा झाला होता आणि कान लाल.

"पुढचा संघ," ते म्हणाले.

पहिला नंबर गुरांच्या गोठ्यातला पंखा मोबाइलवरून चालू करणाऱ्या मुलींना मिळाला. माझा नंबर कितवा आला ते जाहीर झालं नाही. सरांनी अभिनंदनही केलं नाही. बाबांनी पेढ्यांची ऑर्डर रद्द केली आणि आठ दिवस माझ्याशी फक्त आईमार्फत बोलले.

शनिवारी मामा नवीन चप्पल पायात घालून मुलाखतीला गेले आणि कायम झाले.

मी ते सत्र पुन्हा केलं. माझ्या वर्गातले सगळे नोकरीला लागले, आणि मी माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान पोरांबरोबर त्याच बाकांवर. पहिल्याच दिवशी एक वाजता मामांनी लॅब रिकामी केली. मी सगळ्यांबरोबर उठलो.

"तू कुठं चाललास?" मामा म्हणाले.

"एक वाजला ना?"

"डबा आणलायस?"

मी मान हलवली. मामांनी दाराला कडी घातली, मी आत असताना. आम्ही सव्वापर्यंत जेवलो. मग त्यांनी शेवटच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

तसे सहा महिने गेले. सोमवार सोडून. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत मी जे शिकलो त्याच्यावर आज माझं पोट चालतं. चार वर्षांच्या एकावन्न टक्क्यांत तेवढं शिकलो नव्हतो. मामा एकही गोष्ट शिकवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "इथं काहीतरी चुकतंय बघ," आणि गप्प बसायचे. आता एवढ्या मोठ्या ऑफिसात, थंडगार हवेत बसतो, पण त्या लॅबमधला कढीचा वास आणि बंद दाराबाहेर कुणीतरी कडी हलवून गेल्यावर दोघांनी एकदम श्वास रोखणं, हे कुठे मिळत नाही.

गुरुवारच्या त्या प्रसंगाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझं प्रोजेक्ट साइटवर तसंच पडून राहिलं, वजा साडेपाचसकट. ते कुणी बघत नव्हतं. मात्र दरवर्षी त्या तारखेला तिथे कसरची तीच दोन ओळींची दुरुस्ती पुन्हा यायची. 'साडेपाच तास राहिले.' दुसऱ्या वर्षी 'अकरा तास राहिले' असं आलं, कारण वजाचे धरून फरक तेवढा होता, आणि मामांना ते आदल्या वर्षी लक्षात आलं नव्हतं. मी स्वीकारत नव्हतो. लॅबच्या दारावरचा कागद अजून तिथेच होता, एवढी चौकशी मी गावाकडच्या पोरांकडून दरवर्षी करायचो. नऊ वर्षं.

गेल्या महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभाचा फोटो आला. गळ्यात हार, पायात तीच चप्पल. शेजारी इंगवले सर, आता प्राचार्य. त्या रात्री मी जुनं प्रोजेक्ट उघडलं आणि 'स्वीकारा'चं बटण दाबलं. आलेख सरकला. सव्वा ते पावणेदोन. माझ्या नावाखाली, योगदान देणाऱ्यांच्या यादीत, दुसरं नाव आलं.

सकाळी पाहिलं तर कसरचा निरोप होता. आभार वगैरे नाहीत. 'उभ्या अक्षाला नाव दिलेलं नाही. नऊ वर्षं बघतोय.'

मी निरोपाची वेळ पाहिली. साडेपाच तास मिळवलेले आहेत ना, ते दोनदा तपासलं. मिळवलेले होते. सकाळचे सात अठ्ठेचाळीस.

मी लगेच फोन लावला. मामांनी उचलला, पण आवाज घुमत होता.

"मामा," मी म्हणालो, "कुठं बसलाय?"

पलीकडे बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला.

"तुझा निष्कर्ष," मामा म्हणाले, "थोडा लवकर आला होता."